सगळ्यात खालची ओळ

पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठल्याही कंपनीत जा. पडद्यावर लाल खुणेची चौकट आणि तिच्यापुढे कपाळाला हात लावून बसलेला माणूस दिसला, की पाठीमागून आवाज येतोच, "रिस्टार्ट करून बघितलंस का?" आवाज कुणाचाही असतो. काल रुजू झालेल्या पोराचा, पंधरा वर्षं मुरलेल्या आर्किटेक्टचा, कधी नुसत्याच चहाला निघालेल्या एचआरच्या बाईंचा. सल्ला एकच. त्याने भागलं नाही तर, प्लगइन काढून परत टाक. तेही नाही तर, वर्कस्पेस नवीन घे. शेवटचं अस्त्र म्हणजे अख्खा एडिटरच उडव आणि ताजा उतरवून घे. या चारही उपायांत एक मोठी सोय आहे. चौकटीत काय लिहिलंय ते वाचावं लागत नाही.

चौकटीतला मजकूर वाचनीय असतो, असा माझा दावा नाही. एक्लिप्स हा एडिटर वापरणाऱ्यांना तो तोंडपाठ आहे. अंतर्गत त्रुटी उद्भवली, तपशिलासाठी लॉग पाहा. लॉग कुठे? वर्कस्पेसमध्ये 'डॉट मेटाडेटा' नावाचा फोल्डर असतो, त्यात 'डॉट लॉग' नावाची फाइल. लिनक्स आणि मॅकवर टिंबाने सुरू होणारं सगळं आपसूक लपवलेलं असतं. म्हणजे पाहा म्हणायचं आणि दिसू द्यायचं नाही. 'एरर लॉग' नावाची एक खिडकी आहे, पण ती उघडी असतेच असं नाही, आणि मेनूत शोधायला गेलेला माणूस वाटेत रिस्टार्टचं बटण दिसलं की तिथेच थांबतो.

समजा सापडला लॉग. उघडल्यावर दोनशे ओळींचा ढीग. वरून वाचत गेलात तर हाती काही लागत नाही, कारण जावा आपलं रडगाणं उलटं गाते. आधी परिणाम, मग त्याचं कारण, मग त्या कारणाचं कारण. 'कॉज्ड बाय' अशी सुरुवात असलेली सगळ्यात खालची ओळ गाठायची. दुखणं बहुतेक वेळा तिथे असतं आणि स्पष्ट लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ, हा क्लास जावाच्या नव्या आवृत्तीने बांधलेला आहे, क्लास फाइल आवृत्ती ६१, तुमच्याकडची जावा ५५ पर्यंतच ओळखते. हे ६१ आणि ५५ काय प्रकरण आहे? दोन्हींतून ४४ वजा करा. १७ आणि ११. प्लगइन जावा १७ साठी बांधलंय, तुमचं एक्लिप्स जावा ११ वर चाललंय. संपला विषय. दुसरीतल्या पोराला जमेल अशी वजाबाकी, पण ती टाळण्यासाठी भल्या भल्या लोकांनी अख्खी दुपार प्लगइन काढण्या-टाकण्यात घालवलेली मी पाहिली आहे. कितीही वेळा काढून टाकलं तरी ६१ चे ५५ होत नाहीत.

बरं, हा घोळ क्वचित होणारा नाही. एक्लिप्सला स्वतःला उभं राहायलाच २०२० च्या सप्टेंबर आवृत्तीपासून जावा ११ लागते, २०२२ च्या सप्टेंबरपासून १७ आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून २१. कंपनीतल्या मशीनवर मात्र जावा कुठली असते, तर ज्या वर्षी ते मशीन खरेदी झालं त्या वर्षीची.

एक्लिप्सवर मी घसरतोय खरा, पण त्यामागे प्रेम आहे. 'सगळंच प्लगइन' ही हौस आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिली. आयबीएमने नोव्हेंबर २००१ मध्ये ते खुलं केलं तेव्हाच रचना अशी होती की मधला गाभा लहानसा आणि जावाचा एडिटर, डिबगर वगैरे मंडळी सगळी प्लगइनं. २००४ च्या ३.० आवृत्तीत हा कारभार ओएसजीआय नावाच्या नियमावलीवर आला. कल्पना देखणी आहे. प्रत्येक तुकड्याने आपण काय देतो आणि आपल्याला काय लागतं, हे आवृत्तीच्या आकड्यासकट आधीच लेखी द्यायचं. पण सगळं लेखी झालं की सेतू कार्यालय सुरू होतं. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा दाखला हवा, तलाठी म्हणतो रेशनकार्ड आणा, रेशनकार्डावर वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं. एक्लिप्सचं 'आवश्यक गोष्टी न सापडल्याने इन्स्टॉल पूर्ण करता येत नाही' हे वाक्य त्याच खिडकीतून येतं. फरक एवढाच, की एक्लिप्स कोणता कागद कमी आहे ते अक्षरन् अक्षर लिहून देतं. अमुक तुकडा हवा, ३.२ पासून ४.० पर्यंत, आणि सुरुवातीला चौकटी कंस, शेवटी गोल. चौकटी म्हणजे ३.२ धरून, गोल म्हणजे ४.० सोडून. तुमच्याकडे ४.१ आहे. झालं. पण ती यादी दोन इंचांच्या चौकटीत सरकपट्टीसकट कोंबलेली असते, आणि वाचणारा 'कॅन्सल' दाबून मोकळा होतो.

इन्स्टॉलच्या त्याच खिडकीत दोन टिकमार्कची घरं आहेत, त्यांनी जेवढा मनस्ताप दिला तेवढा एखाद्या मॅनेजरनेही दिला नसेल. पहिलं घर म्हणतं, वस्तू वर्गवारीनुसार दाखवा. आधीच टिक केलेलं. आता प्लगइन बनवणाऱ्याने वर्गवारी केलीच नसेल तर? यादी रिकामी दिसते. प्लगइन सर्व्हरवर आहे, उतरवता येतं, पण त्याला वर्ग नाही म्हणून ते नाही. टिक काढली की लगेच प्रकट होतं. दुसरं घर सगळ्यात तळाशी: लागणाऱ्या गोष्टी शोधायला सगळ्या अपडेट साइटना विचारा. हेही आधीच टिक केलेलं. तुम्हाला हवंय एक छोटं प्लगइन, आणि एक्लिप्स मात्र तुम्ही चार वर्षांपूर्वी कधीतरी जोडलेल्या, आता बंद पडलेल्या सर्व्हरांची दारं ठोठावत फिरतंय. खाली हिरवी पट्टी अडकलेली आणि तुम्ही इंटरनेटवाल्याला शिव्या देताय. ती टिक काढली की बऱ्याच वेळा काम मिनिटात होतं. हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. ट्रेनिंगमध्ये टीम बिल्डिंग शिकवतात.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो एक्लिप्सने आकड्यासकट आणून दाखवला आहे. जावा सुरू झाली, पण एक्झिट कोड १३ देऊन परत आली. बहुतेक वेळा मामला साधा असतो. एक्लिप्स ६४ बिटचं आणि जावा ३२ बिटची, किंवा उलट. एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याऐवजी खिडकीभर मजकूर फेकला जातो आणि त्यातला कामाचा ऐवज म्हणजे तो तेरा. मग माणूस एक्लिप्सच्या आयएनआय फाइलमध्ये योग्य जावाचा पत्ता लिहायला जातो. तिथे नियम असा: 'व्हीएम' हा शब्द हायफनसकट एका ओळीवर, पत्ता त्याच्या खालच्या ओळीवर, आणि हे दोन्ही 'व्हीएमआर्ग्ज'च्या आधी. दोन्ही एकाच ओळीवर लिहिलं, किंवा व्हीएमआर्ग्जच्या खाली लिहिलं, की एक्लिप्स रागावत नाही, अडवत नाही, तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. तुम्ही काही लिहिलंच नाही, अशा थाटात जुनीच जावा उचलतं. 'ड्रॉपइन्स' फोल्डरचाही हाच बाणा. त्यात प्लगइनची फाइल टाकायची, बाकीचं एक्लिप्स बघून घेईल. एखादा लागणारा तुकडा नसेल तर? प्लगइन येत नाही आणि का आलं नाही ते कुणी बोलत नाही. दोनशे ओळी बडबडणारं सॉफ्टवेअर परवडलं, हे मौनव्रत नको.

रिस्टार्टपंथ या बडबडीतून आणि मौनातून वाढला, हे मला समजतं. माझा राग वेगळा आहे. साधनं बनवणाऱ्यांनीच या पंथाला मठ बांधून दिले. एक्लिप्सला 'क्लीन' नावाचा स्विच आहे, तो लावून सुरू केलं की प्लगइनांबद्दल साठवलेली माहिती फेकून सगळं नव्याने तपासलं जातं. इंटेलिजेने तर 'इन्व्हॅलिडेट कॅशेस' हा पर्याय थेट फाइल मेनूत ठेवला, आणि अँड्रॉइड स्टुडिओ त्याच्याच पायावर उभा असल्याने तिथेही तो वारसाहक्काने आला. कॅश खरोखर बिघडते, तेव्हा या गोष्टी लागतात. पण आमच्याकडे ताप असो, खरूज असो, हाड मोडलेलं असो, पहिली मात्रा तीच. दाबलं की प्रोजेक्टचं इंडेक्सिंग शून्यापासून सुरू, लॅपटॉपचा पंखा घोंघावतोय, आणि माणूस 'काम चालू आहे' अशा समाधानाने कँटीनकडे.

आता एक खराखुरा मासला. एका कंपनीत, नाव सांगत नाही, एका मुलीला एक्लिप्समध्ये एक प्लगइन टाकायचं होतं. दर वेळी नकार. खालची ओळ अशी: मागितलेल्या ठिकाणापर्यंत वैध प्रमाणपत्राचा मार्ग सापडला नाही. तिने आयटी विभागाकडे तिकीट टाकलं. उत्तर आलं, "साइट ब्राउझरमध्ये उघडतेय, आमच्या बाजूने सगळं ओके." तिकीट बंद. तिने पुन्हा उघडलं. पुन्हा बंद. दोघंही खरं बोलत होते, हीच त्यातली गंमत. कंपनीचा प्रॉक्सी येणारी-जाणारी सगळी सुरक्षित वाहतूक मध्येच उघडून तपासतो आणि मूळ साइटच्या प्रमाणपत्राऐवजी स्वतःचं पुढे करतो. कंपनीचा शिक्का विंडोजच्या विश्वासयादीत आयटीवाल्यांनीच घालून ठेवलेला, म्हणून ब्राउझर खूश. पण जावा विंडोजची यादी आपण होऊन मानत नाही. तिची स्वतःची वेगळी यादी असते, 'सीएसर्ट्स' नावाची. तिच्यात हा शिक्का नाही, म्हणून जावाने पाहुण्याला दारातूनच परत पाठवलं. तिचं काम तिने चोख केलं होतं.

उपाय, कंपनीचा शिक्का जावाच्या यादीत घालणे. 'कीटूल' नावाचं साधन जावाबरोबरच येतं, एका ओळीचा हुकूम. जावा जुनी असेल तर ते पासवर्ड विचारतं. त्या यादीचा मूळ पासवर्ड काय ठेवलाय ठाऊक आहे? 'चेंजइट'. म्हणजे 'हा बदला'. जगभरातल्या लाखो मशीनवर तो तसाच आहे, कारण बदलायला सांगितलं होतं ते पासवर्डातच लिहिलं होतं आणि पासवर्ड कोण वाचतो. शिक्का बसला, प्लगइन आलं. तिकीट तिसऱ्यांदा बंद झालं तेव्हा कारणाच्या रकान्यात आयटी विभागाने लिहिलं होतं: युजरने मशीन रिस्टार्ट केल्यावर प्रश्न सुटला.

आजची पोरं म्हणतील, एक्लिप्स कोण वापरतं काका, आम्ही व्हीएस कोडवाले. बरोबर आहे. पण त्या दोन्ही घरांत एकच माणूस वावरून गेलाय. एरिक गामा. डिझाइन पॅटर्न्सवरच्या १९९४ च्या प्रसिद्ध पुस्तकाच्या चार लेखकांपैकी एक. एक्लिप्सच्या जावा साधनांचं नेतृत्व त्याने केलं, २००३ मध्ये केंट बेकबरोबर एक्लिप्सची प्लगइनं लिहिण्यावर पुस्तक काढलं, आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन झुरिकमधल्या छोट्या तुकडीबरोबर जे रचलं त्यातून २०१५ मध्ये व्हीएस कोड बाहेर पडलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. एक्लिप्समध्ये प्लगइनं मूळ प्रोग्रामच्याच प्रक्रियेत नांदतात, एक बिघडलं की अख्खी खिडकी पांढरी. व्हीएस कोडने एक्स्टेन्शनांना वेगळी प्रक्रिया काढून दिली, 'एक्स्टेन्शन होस्ट'. एखादं एक्स्टेन्शन आत लोळण घेत असलं तरी तुमचं टायपिंग सहसा चालू राहतं. पडद्यावर वाटेल तिथे रंगरंगोटी करायची मुभाही त्यांना नाही.

यातून झालं काय, तर टाकणं इतकं सोपं झालं की लोक विचार करायचे थांबले. एका क्लिकवर येतंय ना, घ्या. थीम, आयकॉन, कंसांना रंग, ओळींना रंग, कोपऱ्यात चालणारं मांजर. (मांजर खरंच आहे. माझा त्याला विरोध नाही. निदान ते काही मोडत नाही.) कंसांना रंग देणाऱ्या एक्स्टेन्शनचं तर असं झालं की ते लाखोंनी टाकलं, एडिटर मंदावला म्हणून लाखोंनी कुरकुर केली, आणि २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सोय मूळ एडिटरातच घातली. दहा हजार पट वेगवान, असं स्वतःच जाहीर केलं. तरी अजून नव्याने रुजू झालेल्याच्या मशीनवर ते जुनं एक्स्टेन्शन सापडतं. कुणीतरी कधीतरी यादी दिली होती, ती पिढ्यान्पिढ्या चालू आहे.

आणि फॉरमॅटर! एका मशीनवर दोन फॉरमॅटर म्हणजे एका खुर्चीवर दोन अध्यक्ष. व्हीएस कोड बिचारं विचारतं, या फाइलसाठी एकापेक्षा जास्त फॉरमॅटर आहेत, कोणता मानू? लोक ती सूचना फुलीवर टिचकी मारून घालवतात. मग टीममधल्या एकाकडे एक फॉरमॅटर, दुसऱ्याकडे दुसरा. एक सेव्ह केलं की टॅबच्या जागी स्पेस करतो, दुसरा स्पेसच्या जागी टॅब. दुरुस्ती एका ओळीची, रिव्ह्यूला आलेला बदल चारशे ओळींचा. त्यात ती एक ओळ शोधायची. 'डिफॉल्ट फॉरमॅटर' ही एक सेटिंग प्रोजेक्टच्या फोल्डरात लिहून ठेवली की हा तमाशा बंद होतो, पण ती लिहायची तर आधी कोणता फॉरमॅटर हे ठरवायला मीटिंग घ्यावी लागते, आणि ती मीटिंग मी एकदा पाहिलेली आहे. घराच्या वाटण्या याहून सामंजस्याने होतात.

एडिटर मंदावला, कशाने ते कळेना, अशा वेळेसाठी व्हीएस कोडमध्ये एक खरोखर हुशार गोष्ट आहे: 'एक्स्टेन्शन बायसेक्ट'. कमांड पॅलेटमधून सुरू करायची. ती अर्धी एक्स्टेन्शनं बंद करते आणि विचारते, अजून होतंय का? तुमच्या उत्तरावरून दोषी कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरतं, मग त्या अर्ध्याचं अर्धं. चौसष्ट एक्स्टेन्शनं असली तरी मोजक्याच प्रश्नांत आरोपी हजर. दोन एक्स्टेन्शनं मिळून गोंधळ घालत असली तर ती गडबडते, हे मान्य. पण एरवी यापेक्षा सरळ चौकशी मी सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेली नाही. आणि मुलाखतीत बायनरी सर्च फळ्यावर घडाघडा लिहून नोकरी मिळवलेले आपले लोक, तीच बायनरी सर्च तयार मिळत असताना, एकेक एक्स्टेन्शन बंद करून बघत बसतात. तेही वर्णानुक्रमे.

नावापुढच्या निळ्या खुणेबद्दलही बोललं पाहिजे. ती दिसली की लोकांना वाटतं, कुणीतरी हे तपासलंय. खूण मुख्यतः एवढंच सांगते, की प्रकाशकाने जी वेबसाइट आपली म्हणून दाखवली ती खरोखर त्याची आहे. आतल्या कोडबद्दल ती अवाक्षर काढत नाही. आणि एक्स्टेन्शनला अधिकार किती? व्हीएस कोडला जेवढे तेवढे. फाइल वाचा, लिहा, दुसरा प्रोग्राम चालवा, नेटवरून हवं ते मागवा. २०२५ च्या सुरुवातीपासून नव्या प्रकाशकाचं पहिलं एक्स्टेन्शन टाकताना एडिटर थांबून विचारतो, यांच्यावर विश्वास आहे ना? आपण 'आहे' म्हणतो. नाही म्हटलं तर ते येणार नाही ना. बँकेचा ओटीपी बायकोलाही न सांगणारा गृहस्थ कंपनीच्या सर्व्हरच्या किल्ल्या असलेल्या मशीनवर कुणा अनोळखी माणसाचं आयकॉन सजवणारं एक्स्टेन्शन बेधडक टाकतो.

सगळ्यात ताजी फॅशन म्हणजे लॉग आता वाचायचाच नाही, एआयच्या प्लगइनला चिकटवायचा. दोनशे ओळी जशाच्या तशा, त्यात सर्व्हरचा पत्ता, टोकन, कधी पासवर्डसुद्धा. ते बापडं वाचतं, आणि खालच्या ओळीपर्यंत जातं, हे मान्य करायला हवं. निम्म्या वेळा बरोबर सांगतंही. परवा एका टीमचं तेच प्लगइन लॉगिनवर अडकलं. तसा लॉग होता समोर. पण तो समजावून सांगणारा लॉगिनच्या पलीकडे. दुपारी टीमच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट आला. काढताना खालच्या चार ओळी कापल्या गेल्या होत्या. त्याला अकरा थम्स-अप आहेत.